बाखचं कोणतं ध्वनिमुद्रण चांगलं, हे कसं ठरवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याच्या एखाद्या प्रसिद्ध रचनेचं नाव शोधलं की डोळे फिरतील इतकी ध्वनिमुद्रणं समोर येतात. नव्या श्रोत्याला त्यात दिशा सापडत नाही. जुना श्रोता बऱ्याचदा पहिल्यांदा ऐकलेल्या वादनालाच कायमचा चिकटून बसतो. ही प्रश्नोत्तरं दोघांसाठी आहेत. मतं माझी आहेत, आणि ती कशावरून बनली तेही जमेल तिथे सांगितलं आहे.

बाखच्याच बाबतीत वादनावादनात इतका फरक का असतो?

कारण त्याने कागदावर फार कमी सूचना लिहिल्या. बेथोव्हनने नंतरच्या काळात मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दिले, जोर कुठे द्यायचा, आवाज कुठे चढवायचा हे नेमकं लिहिलं. बाखच्या हस्तलिखितांत लय सांगणारा शब्द क्वचित दिसतो, आणि आवाजाच्या चढ-उताराची खूण त्याहूनही क्वचित. वाजवणारे त्याच्याच परंपरेतले होते, बरेचसे त्याचे विद्यार्थी किंवा घरचे लोक. जे सगळ्यांना ठाऊक होतं, ते लिहिण्याची गरज नव्हती.

तिसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तोचा (वाद्यांच्या समूहासाठीच्या एका रचनेचा) मधला भाग हे याचं टोकाचं उदाहरण. कागदावर आहेत फक्त दोन स्वरसंघात (एकदम वाजणारे स्वरांचे जुडगे), अवघ्या एका मापाचे, म्हणजे तालाच्या एका घराचे. कुणी ते दोनच वाजवून पुढच्या भागाकडे वळतो. कुणी व्हायोलिन किंवा हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, पियानोसारख्याच पट्ट्यांचं वाद्य) छोटीशी मुक्त आलापी जोडतो. कुणी बाखच्याच दुसऱ्या रचनेतला संथ भाग उचलून तिथे बसवतो. हे तिन्ही मार्ग चालतात. म्हणून ऐकताना पहिली चौकशी ही करावी की यातलं बाखने लिहिलेलं किती, आणि वादकाने ठरवलेलं किती. मूल्यमापन व्हायचं ते दुसऱ्या भागाचं.

मग आधार काय? शेवटी ज्याची त्याची आवड, एवढंच ना?

आवड असतेच. पण माझ्यापुरती एक कसोटी आहे आणि ती मला सहसा दगा देत नाही: खालून ऐकायचं.

आपला कान रागसंगीतावर पोसलेला असतो. तानपुऱ्याचा अखंड षड्ज, त्यावर एक गळा किंवा एक वाद्य. त्यामुळे कुठलंही संगीत ऐकताना आपण नकळत सर्वांत वरची, गाणारी ओळ पकडतो आणि बाकीचं साथ समजून सोडून देतो. बाखकडे ही सवय आड येते. त्याच्या संगीतात दोन, तीन, चार स्वतंत्र ओळी एकाच वेळी चालतात, आणि त्यांना पुढे ढकलण्याचं काम बहुतेक वेळा खर्जातली ओळ करते. ती ओळ श्वास घेते का, तिला स्वतःची वाक्यं आहेत का, की ती नुसती मात्रा मोजते आहे, हे ऐका. चांगल्या वादनात तुम्ही पाच मिनिटं फक्त डाव्या हाताच्या किंवा चेलोच्या मागे चाललात तरी कंटाळा येत नाही. सुमार वादनात तीस सेकंदांत लक्ष उडतं.

त्यानंतर मधल्या ओळी. त्या ऐकू येणं सर्वांत अवघड असतं, आणि तिथेच वादकाची मेहनत दिसते. वरची सुरावट तर कुणीही गोड वाजवतो.

एखादं उदाहरण घेऊन हे दाखवता येईल का?

गोल्डबर्ग व्हेरिएशन्स घेऊ. ही रचना १७४१ मध्ये छापली गेली. सुरुवातीला एक संथ एरिया (गाण्यासारखी छोटी रचना), मग तिच्यावर तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच एरिया. एरिया ऐकून तिची सुरावट पुढच्या रूपांत शोधायला गेलात तर ती जवळजवळ कुठेच सापडत नाही, कारण ही सगळी इमारत उभी आहे ती खालच्या ओळीवर आणि तिच्यातून निघणाऱ्या स्वरसंघातांच्या क्रमावर. खालून ऐकल्याशिवाय ही रचना उलगडतच नाही. शेवटचं तिसावं सोडलं, तर दर तिसरं रूप कॅनन आहे: एक आवाज दुसऱ्याची तंतोतंत नक्कल करत मागून येतो. तिसऱ्या रूपात ही नक्कल त्याच स्वरावरून, सहाव्यात एक पायरी वरून, असं करत सत्ताविसाव्यात नऊ स्वरांच्या अंतरापर्यंत पोचते.

ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकाने ही रचना स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली, १९५५ आणि १९८१ मध्ये, दोन्ही वेळा न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. पहिलं मुद्रण साधारण साडेअडतीस मिनिटांचं, दुसरं सुमारे एक्कावन्न मिनिटांचं. पहिल्यातली एरिया दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्यातली तीन मिनिटांच्या पुढे जाते. दुसरं मुद्रण बाजारात आलं त्याच सुमारास, ऑक्टोबर १९८२ मध्ये, गूल्ड वारला.

या दोघांत श्रेष्ठ कोणतं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. १९५५ च्या वादनात धारदार वेग आहे, आणि नवल असं की त्या वेगातही प्रत्येक ओळ वेगळी, कोरडी, स्वच्छ ऐकू येते. त्या काळात ही रचना मोजक्या रसिकांपुरतीच होती. या तबकडीने ती जगभर नेली. पण त्यात अनेक रूपं सुटी सुटी उभी राहतात, प्रत्येक स्वतःची चमक दाखवून निघून जाते. १९८१ मध्ये गूल्डने एका रूपाची लय पुढच्या रूपाच्या लयीशी हिशोबाने बांधली. एकाची मात्रा दुसऱ्याच्या मात्रेच्या पटीत येते, म्हणून सगळी रचना एका नाडीवर चालल्यासारखी वाटते. मी १९८१ चं मुद्रण वर ठेवतो, आणि ते खर्जामुळेच. त्यात डावा हात सतत काहीतरी सांगत असतो. गूल्ड वाजवताना गुणगुणतो, ते दोन्हीकडे ऐकू येतं. काहींना त्याचा त्रास होतो, मला होत नाही.

तुलनेसाठी अख्खी रचना ऐकायची गरज नाही. पंचविसावं रूप घ्या. ते लघु (मायनर) स्वरसप्तकातलं, अतिशय संथ आणि वेदनेने भरलेलं आहे. हार्पसिकॉर्डवादक वांडा लांडोव्हस्काने त्याला काळा मोती म्हटलं होतं. त्यात वरची ओळ इतकी नक्षीदार आहे की बहुतेक वादक तिच्यातच हरवतात. खालची पावलं कोण जिवंत ठेवतो ते बघा. मरे पेराया (२०००) आणि बेआत्रिचे राना (२०१७) ही दोन पियानोवादनं या एका जागी लावून पाहा, मला काय म्हणायचं आहे ते लगेच कळेल.

गूल्ड बऱ्याच ठिकाणी पुनरावृत्ती गाळतो. हा दोष मानायचा का?

बाखने गोल्डबर्गच्या प्रत्येक रूपाचे दोन भाग केले आहेत आणि दोन्ही पुन्हा वाजवण्याची खूण घातली आहे. १९५५ मध्ये गूल्डने एकही पुनरावृत्ती वाजवली नाही, १९८१ मध्ये निवडक ठिकाणी वाजवल्या. सगळ्या पाळल्या तर रचना सव्वा तासाच्या पुढे जाते. झाँ राँदोचं २०२२ मधलं हार्पसिकॉर्डवरचं मुद्रण तर पावणेदोन तासांच्या आसपास आहे.

पुनरावृत्ती केली की नाही यापेक्षा, केली तर दुसऱ्या वेळी काय सांगितलं, हे महत्त्वाचं. बाखच्या काळात दुसऱ्या फेरीत हरकती-मुरक्या घालणं अपेक्षितच होतं. आणि इथे आपल्या कानाला एक आयती शिदोरी आहे. बंदिशीची तीच ओळ परत आली की ती तशीच येणार नाही हे आपल्याला पाठ असतं, आणि कुठली हरकत ओळीतून उगवली, कुठली बाहेरून चिकटवली, हेही आपण चटकन ओळखतो. तोच निकष इथे बिनधास्त लावा. पियानोवादक आंद्राश शिफ पुनरावृत्तीत कधी मधली एखादी दबलेली ओळ पुढे आणतो, आणि ती पहिल्या वेळीही तिथेच होती हे तेव्हा जाणवतं. दुसरी फेरी हुबेहूब पहिलीसारखी असेल, तर गाळलेली बरी होती असं मी म्हणेन.

हार्पसिकॉर्ड की पियानो?

गोल्डबर्गच्या मुखपृष्ठावरच दोन स्वरपट्ट्यांच्या (कीबोर्डांच्या) हार्पसिकॉर्डसाठी असं लिहिलेलं आहे. काही रूपांत दोन्ही हात एकाच जागी येतात. दोन पट्ट्यांवर ते सहज जमतं, पियानोच्या एका पट्टीवर बोटांवर बोटं चढतात. तेव्हा वाद्याचा प्रश्न निव्वळ हौसेचा नाही.

हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते. बोट जोरात मारलं काय किंवा हळू, आवाज जवळपास तेवढाच. मग वादक एखाद्या स्वराला वजन कसं देतो? वेळेने. किंचित उशिरा येऊन, आधीचा स्वर थोडा जास्त धरून, किंवा त्याच्याआधी केसभर मोकळी जागा सोडून. हे एकदा कळलं की हार्पसिकॉर्ड एकसुरी वाटत नाही. हार्पसिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्टकडे ही कला फार उंचीवर होती. पियेर आंताईच्या १९९२ मधल्या मुद्रणात तीच कला अधिक खेळकर होऊन येते. लांडोव्हस्काने १९३३ मध्ये गोल्डबर्ग मुद्रित केलं ते प्लेएल कंपनीच्या भारदस्त, आधुनिक बांधणीच्या हार्पसिकॉर्डवर. त्याचा नाद नंतरच्या, जुन्या वाद्यांच्या बरहुकूम घडवलेल्या हार्पसिकॉर्डपेक्षा पुष्कळ वेगळा आहे. त्या मुद्रणावरून हार्पसिकॉर्डबद्दल मत बनवू नये.

पियानोचा धोका वेगळा आहे. फ्यूगमध्ये (एकच विषय वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात अशा रचनेत) मूळ विषय दर वेळी आला की पियानोवादक तो ठासून वाजवतो, आणि बाकीचे आवाज दबतात. श्रोत्याला मदत होते खरी, पण संवादाचं भाषण होतं.

एक कामाची गोष्ट: हार्पसिकॉर्ड कमी आवाजात ऐका. ते मुळात नाजूक वाद्य आहे. जवळ माइक ठेवून केलेलं मुद्रण मोठ्या आवाजात लावलं तर कान किटतात, आणि दोष वादकाच्या माथी जातो.

जुन्या काळची वाद्यं वापरली म्हणजे वादन आपोआप खरं ठरतं का?

नाही. पण जुन्या वाद्यांवर, जुन्या रीतीने वाजवण्याच्या चळवळीने जे शिकवलं ते आता पुसता येणार नाही.

वाद्यवृंद-संचालक निकोलाउस हार्नोनकूर आणि लेओनहार्ट यांनी १९७१ ते १९८९ या काळात बाखचे चर्चमधले कॅन्टाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या धार्मिक रचना) मिळून मुद्रित केले. आतड्याच्या तारा, जुन्या घडणीचे ओबो आणि ट्रम्पेट, आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली लावलेली पट्टी. बाख जिथे काम करायचा त्या लाइपझिगच्या चर्चमध्ये स्त्रिया गात नसत, म्हणून वरच्या आवाजांसाठी मुलं. सुरुवातीच्या तबकड्यांत सूर घसरलेले ऐकू येतात, एकट्याने गाणारी लहान मुलं कठीण जागी दमतात. तरीही त्यात बोलल्यासारखी वाक्यं आहेत. शब्दाला जोर आहे, नाचाच्या तालाला उसळी आहे. त्याआधीच्या कित्येक गुळगुळीत मुद्रणांत हे नव्हतं.

नंतरच्या पिढीने कसर भरून काढली. संचालक मासाकी सुझुकी आणि त्याचा वृंद बाख कॉलेजियम जपान यांनी १९९५ ते २०१३ या काळात कोबे इथल्या एका विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये ५५ खंडांत चर्चचे कॅन्टाटा पूर्ण केले. एकाच वास्तूत, एकाच कानाने इतकी वर्षं केलेलं हे काम आहे आणि त्याची सफाई थक्क करते. इंग्रज संचालक जॉन इलियट गार्डिनरने २००० साली वर्षभर, ज्या रविवारचा कॅन्टाटा त्याच रविवारच्या सुमारास, गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन सादर केला. मोठ्या कंपनीने मुद्रणातून अंग काढून घेतल्यावर त्याने ते छापण्यासाठी स्वतःचं लेबल काढलं. तिथे प्रवासाचा थकवा कुठे कुठे कानावर येतो, आणि मैफलीची ऊबही. सफाई हवी असेल तेव्हा सुझुकी, धग हवी असेल तेव्हा गार्डिनर, अशी माझी वाटणी आहे.

मॅथ्यू पॅशनमध्ये गायक किती असावेत, यावर एवढा वाद का?

सेंट मॅथ्यू पॅशन ही येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा. ती १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये प्रथम सादर झाली असं आज मानलं जातं. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद. संगीतकार मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिनला ती काटछाट करून पुन्हा रंगमंचावर आणली, आणि तेव्हापासून ती भल्यामोठ्या समूहाने गाण्याची प्रथा पडली.

१९८१ मध्ये अमेरिकी अभ्यासक जोशुआ रिफकिनने मांडलं की बाखच्या समूहगायनात प्रत्येक ओळीला बहुधा एकेकच गायक असे. त्याचा मुख्य आधार म्हणजे टिकून राहिलेले गायकांचे सुटे कागद: एका कागदावर एक गायक. विरोधक बाखचंच १७३० मधलं नगरपालिकेला दिलेलं निवेदन पुढे करतात. त्यात त्याने प्रत्येक गायकवृंदासाठी किमान बारा, शक्यतो सोळा गायक मागितले आहेत. रिफकिनचं उत्तर असं की ती संख्या आजारपणं आणि इतर कामं धरून हाताशी असाव्यात अशा गायकांची आहे, एका वेळी उभं राहून गाणाऱ्यांची नाही. वाद मिटलेला नाही.

श्रोत्याने यात न्यायाधीश होण्याचं कारण नाही. पहिलाच समूहगान-खंड ऐका. संचालक ऑटो क्लेम्पेररच्या १९६० च्या दशकारंभीच्या मुद्रणात तो साडेअकरा मिनिटांहून जास्त चालतो, गार्डिनरच्या १९८८ च्या मुद्रणात सात मिनिटांच्या आसपास. माप तेच, बारा छोट्या मात्रांचं. क्लेम्पेररकडे ती दगडी पावलांची मिरवणूक आहे, खर्ज जमिनीतून वर येतो. गार्डिनरकडे तीच चाल झुलती आहे आणि अस्वस्थही. पॉल मॅक्रीशने २००२ मध्ये एकेका गायकासह केलेल्या मुद्रणात दोन्ही वृंदांमधले सवाल-जवाब, कोण? कसा? कुठे?, माणसामाणसांतले वाटतात.

मला क्लेम्पेररची लय बाखची वाटत नाही, आणि तरी ते मुद्रण मी टाकून देणार नाही. त्यात प्रत्येक ओळीला वजन आहे, एकही स्वर सवयीने वाजलेला नाही. विलेम मेंगेलबर्गचं १९३९ मधलं ॲमस्टरडॅमचं प्रत्यक्ष मैफलीतलं मुद्रण याहून टोकाचं. लय ताणलेली, भावना उघड्यावर. इतिहास म्हणून ऐकावं, रचनेची पहिली ओळख म्हणून नको.

जर्मन येत नसेल तर गायनाबद्दल मत कसं बनवायचं?

मजकूर समोर ठेवून. पॅशन आणि कॅन्टाटांची भाषांतरं सहज मिळतात. नुसत्या सुरांवर यातलं अर्धंही हाती लागत नाही.

एक जागा पुरेशी आहे. येशूचा शिष्य पीटर त्याला तीनदा नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि निवेदक गातो की तो बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला. त्या रडण्याच्या शब्दावर बाखने लांब, वळणावळणाने जाणारी स्वरांची ओळ लिहिली आहे. निवेदक तिथे आपला गळा दाखवतो, की त्या माणसाची शरम दाखवतो? लगेच पुढे आल्टो (स्त्रियांच्या खालच्या पट्टीतल्या) आवाजातलं दयेची याचना करणारं गाणं येतं, एकट्या व्हायोलिनच्या सोबतीने. तिथे पुन्हा खाली कान द्या: खर्जातले स्वर एकसारखी पावलं टाकत असतात. ते थबकले, किंवा गायिकेच्या तालावर ओढले जाऊ लागले, तर गाण्याचा कणाच मोडतो.

चेलो सूट्स तर एकाच वाद्यासाठी आहेत. तिथे खर्ज कुठून आणायचा?

तो तिथेच आहे, लपलेला, आणि म्हणून या सहा सूट्स (नाचांच्या भागांच्या माळा) माझ्या कसोटीची सर्वांत कडक परीक्षा आहेत. चेलो जवळजवळ सगळा वेळ एकच ओळ वाजवतो. पण बाख त्या ओळीला खाली-वर उड्या मारायला लावून दोन-तीन आवाज सुचवतो. पहिल्या सूटच्या प्रील्यूडमध्ये (आरंभीच्या भागात) सुरुवातीची चार मापं तळाशी तोच एक स्वर परत परत येतो. नंतर तळ हलतो. तो हलला हे तुमच्या पोटात जाणवलं पाहिजे. सगळे स्वर सारख्या गोडीने वाजवणारा वादक हे घालवून बसतो.

बाखच्या हातची प्रत हरवली आहे. आपल्याकडे आहे ती त्याची दुसरी पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल, केल्नर नावाच्या ऑर्गनवादकाची नक्कल, आणि आणखी काही नंतरच्या प्रती. गजाच्या एका ओढीत किती स्वर घ्यायचे याच्या खुणा त्यांत जुळत नाहीत. आना माग्दालेनाच्या प्रतीत त्या खुणा नेमक्या कुठे सुरू होतात तेच कित्येकदा कळत नाही. तेव्हा एका वादकाची बोली दुसऱ्याहून निराळी असणारच.

चेलोवादक पाब्लो कासाल्सला या रचनांची छापील प्रत लहान वयात बार्सेलोनाच्या एका दुकानात मिळाली. त्याने १९३६ ते १९३९ या काळात सहाही मुद्रित केल्या. त्याच्याआधी त्यांच्याकडे अनेक जण सरावाचे धडे म्हणून बघत. कासाल्सचा सूर क्वचित डगमगतो, लय मनस्वी आहे. पण तळाचा स्वर तो असा रोवतो की वरचं सगळं त्याच्यातून उगवतं. पियेर फूर्निएचं १९६० मधलं मुद्रण खानदानी आणि मोजकं आहे, आणि नवख्या श्रोत्याला मी तेच सुचवतो. यानोश श्टार्करचं मर्क्युरी कंपनीचं मुद्रण ताठ कण्याचं. आनर बिल्स्मा मात्र चेलोला बोलायला लावतो, स्वर तोडतो, मध्येच पुटपुटतो. प्रील्यूड सोडले तर यातला प्रत्येक भाग एखाद्या नाचावर बेतलेला आहे याची आठवण त्याच्याइतकी कुणी करून देत नाही. यो-यो माने हा संच तीनदा मुद्रित केला. एकच कलावंत वयानुसार काय धरतो, काय सोडतो, हे त्या तिन्हींत बघण्यासारखं आहे.

जुन्या मुद्रणातल्या खरखरीचं काय करायचं?

दहा मिनिटं सहन करा, मग कान आपोआप ती वगळतो. आवाज जास्तच साफ केलेली आवृत्ती टाळा. खरखर काढताना स्वराभोवतालची हवाही निघून जाते आणि चेलो प्लॅस्टिकचा वाटू लागतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटंच मावत, हेही लक्षात असू द्या. कुठे घाई किंवा अचानक थांबा जाणवला, तर ते वादकाच्या मनातलं असेलच असं नाही.

प्रत्यक्ष मैफल ऐकताना हेच निकष लावायचे का?

निकष तेच, पण सभागृहालाही त्यात धरा. मुंबईच्या एनसीपीएतलं टाटा थिएटर ध्वनिवर्धकाशिवाय ऐकण्यासाठी बांधलेलं आहे. तिथे चेलोचा किंवा हार्पसिकॉर्डचा अस्सल आवाज ऐकायची संधी मिळाली तर सोडू नये. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या कापेला द मोंतेत संगीत महोत्सव भरतो. दगडी भिंतींच्या अशा वास्तूत स्वर रेंगाळतो, आणि वेगवान फ्यूगच्या ओळी एकमेकींत मिसळून लापशी होऊ शकते. तिथे जाणता वादक लय थोडी सैल करतो, स्वर थोडे आखूड वाजवतो. घरी ऐकलेल्या तबकडीपेक्षा तो संथ वाजवतो म्हणून नाक मुरडू नका. त्याने वास्तूला ऐकलं का, हे बघा.

माइक लावलेले असतील तर ओळींच्या तोलाबद्दल बोलू नये. तो तोल ध्वनितंत्रज्ञाचा असतो. आणि चुकलेल्या चार स्वरांची नोंद ठेवू नका. तबकडीवर ते कापून जोडलेले असतात, एवढाच काय तो फरक.

समीक्षकांच्या ताऱ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

कारण दिलं असेल तेवढा. बीबीसी रेडिओ ३ वर एकाच रचनेची अनेक मुद्रणं तुकड्यातुकड्याने ताडून बघणारा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्याची पद्धत घरी सहज करता येते. दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा निवडा, तीन मुद्रणं घ्या, आणि जमलं तर दुसऱ्या कुणाला लावायला सांगा, म्हणजे कोण वाजवतंय ते कळणार नाही. तिन्हींचा आवाज सारखा करून घ्या. हे विसरलात तर जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटणार, हे ठरलेलं. पहिल्या ऐकण्यात वेगवान, चमकदार वादन जिंकतं. निर्णय आठवड्याने पुन्हा ऐकून करावा.

गिटार, सॅक्सोफोन, मोठा ऑर्केस्ट्रा अशी रूपांतरं ऐकावीत का?

जरूर. बाखने स्वतः विवाल्दीचे कॉन्चेर्तो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी बसवले, आपले व्हायोलिनचे कॉन्चेर्तो हार्पसिकॉर्डला दिले. आर्ट ऑफ फ्यूगमध्ये तर वाद्याचं नावच लिहिलेलं नाही. एकट्या व्हायोलिनसाठीची शाकोन ही रचना बुझोनीने पियानोसाठी भरगच्च केली, ब्राम्सने तीच फक्त डाव्या हातासाठी लिहिली. मला ब्राम्सचं जास्त पटतं. एका हाताची ओढाताण व्हायोलिनच्या चार तारांच्या ओढाताणीला जवळची आहे.

पैसे न खर्चता कुठे ऐकता येईल?

नेदरलँड्स बाख सोसायटी बाखच्या सगळ्या रचना चित्रित करून यूट्यूबवर विनामूल्य देते आहे, आणि दर्जा उत्तम आहे. हात दिसतात, त्यामुळे खर्ज कोण वाजवतंय हे डोळ्यांनी शोधता येतं. नवख्याला याचा फार उपयोग होतो. स्वरलेखन आयएमएसएलपी या संकेतस्थळावर, हस्तलिखितं बाख डिजिटल या संकेतस्थळावर. नोटेशन वाचता येत नसलं तरी तळाची ओळ कुठे चढते, कुठे उतरते, एवढं बोटाने मागोवा घेत ऐकणं कुणालाही जमतं.

फक्त तीनच मुद्रणं ठेवायची असतील तर?

गूल्डचं १९८१ चं गोल्डबर्ग, फूर्निएच्या चेलो सूट्स, आणि तिसरं, कदाचित अनपेक्षित, कॅन्टाटा क्रमांक ८२: एक बास गायक, एक ओबो, थोडी तंतुवाद्यं, वीस-पंचवीस मिनिटं. म्हातारा सिमिऑन बाळ येशूला हातात घेतो आणि आता आपण सुखाने डोळे मिटू असं म्हणतो. हान्स हॉटरचं १९५० मधलं मुद्रण शोधा. वाद्यवृंद जुन्या वळणाचा आहे, आजच्या अभ्यासकांना तो जड वाटेल. पण मधल्या अंगाईत हॉटर आवाज इतका खाली आणतो की खालच्या तंतुवाद्यांना पुढे यावंच लागतं, आणि ती येतात.